निष्क्रिय कोण : खाते, खातेदार की व्यवस्था?

साक्रीच्या कोर्टात वकिली करताना आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक, ज्यांचे भांडण काय आहे ते त्यांना ठाऊक असते. बांध कोरला, वाटणी दिली नाही, मारहाण झाली. दुसरी, ज्यांचे काहीतरी गेलेले असते पण कोणी नेले आणि कसे नेले तेच त्यांना कळलेले नसते. गेल्या काही वर्षांत ही दुसऱ्या प्रकारची माणसे वाढली आहेत आणि त्यांच्या हातात बहुतेक वेळा बँकेचे पासबुक असते.

मागे एका बाजाराच्या दिवशी पिंपळनेरकडच्या एका पाड्यावरची बाई आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने पासबुक, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि एक लिफाफा काढला. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेला होता. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून तो तिथेच गेला. लिफाफ्यात त्याचे रुपे कार्ड होते. लिफाफा आतापर्यंत फोडलेलाच नव्हता. ती म्हणाली, ‘‘दादा, ह्या कार्डवर विमा शे म्हणतस. खरं का?’’

खरे होते. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघाती मृत्यूचा विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ पूर्वी उघडलेल्या खात्यावर १ लाख रुपये, त्यानंतरच्या खात्यावर २ लाख रुपये. पण बँकेने तिला तोंडी सांगितले होते की विमा मिळणार नाही, कारण कार्ड वापरलेले नाही. आम्हाला वाटले, नेहमीसारखीच टोलवाटोलवी असेल. नियम काढून वाचला. अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा निदान एकदा तरी वापर झालेला असला पाहिजे, अशी अट त्यात होती. बँकेचे उत्तर नियमाला धरून होते. आणि ज्या खात्यावरचे हे कार्ड होते त्या खात्याचा फॉर्म २०१५ साली एका शिबिरात आम्हीच भरला होता.

हा लेख त्या फॉर्मपासून सुरू होतो.

१५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरून जनधन योजनेची घोषणा झाली आणि २८ ऑगस्टपासून खाती उघडायला सुरुवात झाली. शून्य शिल्लक चालेल, कार्ड मिळेल, विमा मिळेल, पुढे खाते नीट चालवले तर ओव्हरड्राफ्टही मिळेल, असे सांगितले गेले. ज्यांना बँकेच्या पायरीवर उभे राहायचीही भीती वाटायची त्यांच्यासाठी ही संधी आहे असे मानून आमच्यासारख्या अनेक कार्यकर्त्यांनी वस्त्या-वस्त्यांत, पाड्या-पाड्यांवर शिबिरे घेतली. रांगा लावल्या, अंगठे घेतले, फोटो काढले. ‘खाते उघडा’ हे आम्ही शंभर वेळा सांगितले. ‘खाते वापरा, नाहीतर ते झोपेल आणि त्याच्याबरोबर तुमचा विमाही झोपेल’ हे मात्र एकदाही सांगितले नाही, कारण ते आम्हालाच माहीत नव्हते. योजना वाचून पाहण्याआधी योजनेचा प्रचार केला, ही आमची चूक आहे आणि ती आम्ही इथे लिहून कबूल करतो.

आता हा प्रश्न एका बाईचा आहे काय? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे नोव्हेंबर २०२४ मध्ये देशात सुमारे ५४ कोटी जनधन खाती होती. त्यापैकी ११ कोटी ३० लाख खाती निष्क्रिय होती. म्हणजे दर पाच खात्यांमागे एक. या निष्क्रिय खात्यांत पडून असलेली रक्कम सुमारे १४,७५० कोटी रुपये होती. गरिबाचे खाते रिकामे असते असे समजणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. हा पैसा मजुरीचा आहे, अनुदानाचा आहे, मुलांच्या शिष्यवृत्तीचा आहे. तो नावावर आहे, पण हातात नाही.

मग ही ११ कोटी माणसे आळशी आहेत काय? आमच्या तालुक्यापुरते पाहा. दिवाळी झाली की पश्चिम पट्ट्यातील पाडे रिकामे होतात. टोळ्या गुजरातेत जातात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्या आखाजीच्या आसपास परत येतात. ज्या पांझरा-कान कारखान्याने इथेच काम द्यायचे तो कारखाना बंद पडून वर्षे लोटली. वर्षातले सहा महिने माणूस गावात नाही, तर तो गावाच्या शाखेतले खाते कधी चालवणार? गावात असतो तेव्हा बँकेत जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, वर गाडीभाडे द्यायचे. ग्राहक सेवा केंद्रात जावे तर कधी नेट नाही, कधी केंद्रचालक नाही. दोन्ही असले तर अंगठा लागत नाही, कारण कोयता धरून धरून अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेलेल्या असतात. राहिला मोबाईल. खाते उघडताना दिलेला नंबर दोनदा रिचार्ज केला नाही म्हणून कंपनीने कधीच काढून घेतला. बँकेचा संदेश त्या नंबरवर जातो, तोही इंग्रजीत. संदेश पाठवला गेला अशी नोंद बँकेत राहते आणि तो वाचतो दुसराच कोणीतरी.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘माझी लाडकी बहीण’ योजना आणली. महिना १५०० रुपये, पण आधार जोडलेल्या खात्यातच. त्या पावसाळ्यात बँकांसमोर आयाबहिणींच्या रांगा लागल्या. आपले खाते झोपलेले आहे हे रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी बायांना खिडकीवर पोहोचल्यावर कळले. काहींची दोन-तीन बँकांत खाती निघाली. असे अनुदान शेवटी ज्या खात्याला आधार जोडले गेले त्या खात्यात जाते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पासबुक एका बँकेचे आणि पैसा दुसऱ्याच बँकेत, अशा तक्रारी आमच्याकडे आल्या.

येथे थोडा कायदा समजून घेऊ. ‘खाते बंद झाले’ असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिली गोष्ट, खातेदाराने सलग २ वर्षांहून अधिक काळ कोणताच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरवले जाते. दुसरी, केवायसीची मुदत संपली म्हणून व्यवहार अडवले जातात. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर १० वर्षांनी नव्याने करायची असते. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या कोट्यवधी खात्यांची ही दहा वर्षे २०२४-२५ मध्ये एकदम भरली. गर्दी का झाली त्याचे उत्तर यात आहे. तिसरी गोष्ट, १० वर्षे कोणीच विचारले नाही तर ती रक्कम बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २६-अ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. मार्च २०२४ अखेर अशी बेवारस ठेव ७८,२१३ कोटी रुपये होती.

पण या तिन्हींपैकी एकाही टप्प्यावर पैसा बँकेचा होत नाही. बँक ही खातेदाराची ऋणको आहे, हे तत्त्व इंग्लंडमधील १८४८ च्या फोली विरुद्ध हिल खटल्यापासून प्रस्थापित आहे. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्याचा अनुच्छेद २२ सांगतो की बँकेतील अशा ठेवीच्या दाव्याची ३ वर्षांची मुदत ठेवीदाराने मागणी केल्याच्या दिवसापासून सुरू होते. मागितले नाही म्हणून हक्क संपला, असे कायदा म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली रक्कमसुद्धा खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला आपल्या बँकेमार्फत परत मागता येते. न वापरल्याने खाते झोपते. त्यातला हक्क झोपत नाही.

आता दुसरे टोक पाहू. आमचे एक शिक्षक मित्र धुळ्याला असतात. त्यांच्याकडे तीन क्रेडिट कार्डे आहेत. एक कार्ड त्यांनी वर्षभर वापरले नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला की एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेले क्रेडिट कार्ड बंद करण्याची कारवाई बँकेने सुरू करावी, मात्र आधी ग्राहकाला कळवावे आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तरच खाते बंद करावे. ग्राहकाने स्वतः कार्ड बंद करायला सांगितले तर ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. आमच्या मित्राला ई-मेल आला, संदेश आला. त्यांनी लक्ष दिले नाही. कार्ड बंद झाले. त्यांचे काय बिघडले? पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा फोन आला, ‘‘सर, आपल्यासाठी कार्ड मंजूर झाले आहे.’’

शिक्षकाने कार्ड मिळवू नये असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांच्या संविधानामुळे आपली पोरे शिकली, नोकरीला लागली, बँकेने त्यांना पत दिली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण तुलना करून पाहा. ज्याची पत आहे त्याचे न वापरलेले कर्ज बंद करताना नोटीस आहे, मुदत आहे, दंड आहे. ऊसतोड मजुराला जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय कागदावर आहे. त्यासाठी खाते ६ महिने समाधानकारक चाललेले असावे लागते. सहा महिने गावाबाहेर असणाऱ्याचे खाते समाधानकारक कसे चालणार? म्हणजे वापर नाही म्हणून पत नाही, पत नाही म्हणून वापर नाही. मग तो मुकादमाकडे जातो. मुकादम केवायसी मागत नाही, अंगठा पुसला की नाही ते पाहत नाही, उचल हातावर ठेवतो. त्या उचलीच्या बदल्यात नवरा-बायकोचा अख्खा हंगाम लिहून घेतो. ट्रॉलीखाली मेलेला तो माणूस उचल फेडायलाच गेला होता. त्याच्या खात्यावरची दहा हजारांची सोय त्याला माहीत असती आणि मिळाली असती, तर कदाचित त्या वर्षी तो गेला नसता. हा आमचा ‘कदाचित’ आहे. पण तो आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. झोपलेल्या खात्यांवर चोरांचा डोळा असतो. गरिबाच्या नावावरची खाती भाड्याने घेऊन फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस येतात ते गरिबाच्याच दारी. असे गुन्हे झालेले आम्ही कोर्टात पाहतो. म्हणून न वापरलेल्या खात्याला कुलूप लावणे हे मुळात खातेदाराच्या रक्षणासाठी आहे, हे आम्हाला मान्य आहे. शाखेत माणसे कमी आणि काम जास्त, हेही खरे आहे. आमचा आक्षेप कुलपाला नाही. किल्ली कोणाच्या हातात आहे आणि ती मागायची कशी हे खातेदाराला सांगायची जबाबदारी कोणाची, हा आमचा प्रश्न आहे.

नियम खातेदाराच्या बाजूने आहेत, हे मुद्दाम सांगावे लागते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी परिपत्रक काढले, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यात म्हटले आहे की वर्षभर व्यवहार नसेल तर बँकेने खातेदाराला आधीच कळवायचे. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापायचा नाही. खाते पुन्हा चालू करायला पैसे घ्यायचे नाहीत. बचत खात्यावरचे व्याज थांबवायचे नाही. केवायसी करून अर्ज पूर्ण दिल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत खाते चालू करायचे आणि केवायसी कोणत्याही शाखेत करता आली पाहिजे. सरकारी योजनांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिलकेची खाती केवळ दोन वर्षे न वापरल्याने निष्क्रिय ठरवायची नाहीत. जून २०२५ मध्ये आणखी सवलत दिली. माहितीत बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल तर बँकमित्राकडेही केवायसीचे स्वयंघोषणापत्र देता येते. मुदतीआधी तीन सूचना आणि मुदतीनंतर तीन स्मरणपत्रे द्यायची, त्यांत प्रत्येक वेळी निदान एक कागदी पत्र असले पाहिजे. आता आमच्या वाचकांनी स्वतःला विचारावे, यातले किती आपल्याला खिडकीवर सांगितले गेले?

येथे आम्हाला महाडची आठवण होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला. पण तळ्याचे पाणी कोणी घेऊ शकले नाही. तीन वर्षे तो हक्क निष्क्रिय पडून होता. का? अस्पृश्यांना तहान नव्हती म्हणून? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी घेतले आणि तो हक्क चालू केला. पुढे कोर्टबाजी झाली. पूर्वापार वहिवाटीचा स्पृश्यांचा दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला. इतकी वर्षे तुम्ही पाणी घेतले नाही म्हणून तुमचा हक्क नाही, हा युक्तिवाद टिकला नाही. बँकेच्या खात्याची आणि चवदार तळ्याची बरोबरी आम्ही करत नाही. तिथे माणूसपणाचा लढा होता. पण महाडने शिकवलेला धडा इथेही लागू आहे. कागदावर मिळालेला हक्क वापरल्याशिवाय हातात येत नाही आणि वापरता येऊ नये अशी परिस्थिती ठेवून ‘हेच वापरत नाहीत’ असे म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. रुपे कार्डाच्या विम्याची ९० दिवसांची अट जनधन खातेदारांसाठी रद्द करावी. मेलेल्या मजुराने कार्ड कधी घासले होते यावर त्याच्या मुलाबाळांचे भविष्य ठरू नये. खाते अडवले असेल तर त्याचे कारण मराठीत लेखी द्यावे. छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत ठेवा असे रिझर्व्ह बँकेचेच सांगणे आहे. १ जुलै २०२५ पासून ग्रामपंचायत पातळीवर केवायसीची शिबिरे घेण्याची मोहीम देशभर झाली. कल्पना चांगली, पण वेळ खरिपाच्या ऐन कामाची. अशी शिबिरे एकदा घेऊन भागणार नाही. ती दरवर्षी आखाजीनंतर, टोळ्या परतल्या की पाड्यावर घ्यावीत. आणि ज्याचा अंगठा लागत नाही त्याला परत पाठवू नये, त्याची दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी.

मागण्या शासनाकडे, पण काम आपल्याकडे. प्रत्येक विहारात, प्रत्येक जयंती मंडळात दोन शिकलेली पोरे-पोरी या कामाला लावा. तीन महिन्यांतून एक रविवार पासबुकांसाठी ठेवा. कोणाचे खाते कुठे आहे, आधार कोणत्या बँकेला जोडले आहे, मोबाईल नंबर चालू आहे का, वारस नोंदवला आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. रुपे कार्ड असेल तर ९० दिवसांच्या आत एटीएमवर किंवा बँकमित्राकडे ते एकदा वापरायला लावा. पैसे काढायलाच हवेत असे नाही, शिल्लक पाहिली तरी वापर धरला जातो. जुन्या, विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. मेलेल्या आजोबांचे नाव त्यात टाकून पाहायला पैसे लागत नाहीत.

बँकेने ऐकले नाही तर तोंडी भांडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर विचारले तर माहिती मिळते. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. वकील लागत नाही असे एका वकिलाने लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण ज्याचा खटला दोन हजार रुपयांचा आहे त्याने वकिलाला काय द्यावे?

त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. नवऱ्याच्या खात्यात वारस म्हणून तिचे नाव होते. खात्यात दोन हजारांच्या वर थोडी रक्कम होती, ती व्याजासह तिला मिळाली. एवढे पैसे नवऱ्याच्या नावावर होते हे तिला माहीत नव्हते, त्यालाही बहुधा माहीत नव्हते. विम्याचा दावा नामंजूर झाला. ९० दिवसांची अट खातेदाराला त्याच्या भाषेत कधी सांगितली, याचा पुरावा द्या, अशी लेखी तक्रार आम्ही केली आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. तिने आम्हाला दोष दिला नाही. तो आमचा आम्ही घेतला आहे.

वाचकहो, आपल्या घरातही पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या खणात न फोडलेला असा एखादा लिफाफा असेल. आज रात्री तो काढा. आणि शेजारच्या घरी वाचता न येणारे कोणी असेल, तर त्यांचाही काढायला लावा.